दुसऱ्या खणात बांधलेलं बोळकं

शांतम्मा अंगानं काटकुळी. तिच्या चोळीला एक खण लागे, त्यातूनही चिंधी उरे. तिची मोठी जाऊ भागम्मा, तिला मात्र दोन खण लागत. राणीसावरगावात कापडाचं दुकान त्यांचंच, तेव्हा खणांची ददात नव्हती. पण दुसऱ्याच्या अंगाची मापं काढायला गावाला भलताच वेळ असतो. ओटी भरताना बायका भागम्माच्या पदरात एक खण घालत आणि दुसरा शेजारणीकडून घे म्हणून हसत. 'दोन खणांची भागम्मा' हे नाव असंच पडलं.

हसणाऱ्यांचं काय जात होतं? उन्हाळ्यात भागम्माच्या छातीखालची कातडी सोलून निघे. शांतम्मा तिथं खोबरेल लावून जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे ठेवी. खांदे ठणकत, उताणं निजलं की श्वास कोंडे. पोटाशी भरली घागर धरावी तसा डावा हात छातीखाली आडवा धरून, वाकूनच ती चाले. घर लिंगायताचं. त्यांचा देव गळ्यात, छातीवर असतो. भागम्माचं इष्टलिंग मात्र दोऱ्यावरून घसरून सारखं काखेत जाई, आणि दुखण्यापेक्षा त्याचंच तिला जास्त वाईट वाटे.

नवरा सिद्रामप्पा भला माणूस. माल आणायला हैदराबादला गेला असताना त्यानं एका डॉक्टरीणबाईंचं नाव ऐकलं. त्या म्हणे जास्तीचं मांस कापून छाती बेताची करतात. त्यानं गावात लग्नाला जातोय म्हणून सांगितलं आणि दोघी जावांना घेऊन गंगाखेडहून गाडीत बसला.

भागम्माची अट एकच होती. लिंगायताचं मढं जाळत नाहीत, बसवून पुरतात. ज्या अंगावर लिंग वाहिलं ते आगीत द्यायचं नाही, आणि दवाखान्यात कापलेलं भट्टीत जाळतात असं तिनं ऐकलं होतं. तिनं घरून एक बोळकं आणलं होतं आणि त्याचं तोंड बांधायला एक खण.

"शांते, कापलेलं मागून घे," ती गाडीत म्हणाली. "आपल्या रानात पुरू. माजं अर्धं अंग जळू दिऊ नगंस."

शांतम्मानं स्वतःच्या लिंगावर हात ठेवून शब्द दिला.

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातला दोरा काढायला लावला, पण लिंग डाव्या मुठीत धरू दिलं आणि वरून पट्टी बांधली. दार लागलं. घरच्या पुरुषांना आत मनाई, म्हणून सिद्रामप्पा फाटकाशी बसला होता; शांतम्मा बोळकं घेऊन व्हरांड्यात एकटीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि एक माणूस झाकलेली बादली घेऊन बाहेर आला. बादलीत काय आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नुसतं मागायचं होतं. पण परक्या पुरुषाजवळ, उर्दूत, अंगाच्या त्या भागाचं नाव कसं घ्यायचं? ते तिनं नवऱ्यापुढंही कधी घेतलं नव्हतं. माणूस चांगला होता. तिला बघून थांबला, काय पाहिजे म्हणून विचारलं.

"क्या होना, बाई?"

"पानी," शांतम्मा म्हणाली.

त्यानं हनुवटीनं नळ दाखवला आणि तो मागच्या भट्टीकडे गेला. शांतम्मा नळावर जाऊन खरोखरच ओंजळभर पाणी प्यायली. पुढं तिला सगळ्यात जास्त छळलं ते या पाण्यानं. तोंड धुऊन वर बघते तर भट्टीच्या धुराड्यातून धूर निघत होता.

भागम्माला शुद्ध आली तेव्हा बोळकं खाटेखाली होतं, तोंडाला खण बांधलेलं. आत नळाखालची ओली माती होती. भागम्मानं खाटेवरूनच हात खाली सोडून त्याला बोटं लावली आणि ती रडली. शांतम्माही रडली, आणि ते रडणं भागम्मा मायेचं समजली.

रानात लिंबाखाली जंगमस्वामींनी भस्म आणि बेल वाहून बोळकं पुरलं. त्यानंतर भागम्मा दहा वर्षं ताठ चालली. एका खणाची चोळी घातली, उताणी निजली, लिंग जिथल्या तिथं राहिलं. बाई दहा वर्षांनी लहान झाल्यासारखी दिसू लागली. ओटी भरणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. दर सोमवारी ती त्या जागेवर बेल वाहायला जाई आणि शांतम्मालाही नेई. आज सांगू, असं शांतम्मा दर सोमवारी ठरवी. पण पुढं चाललेली ती सरळ पाठ बघितली की जीभ उचलत नसे. घरी चूल धुपली तरी ती हातातलं काम टाकून धुराकडे बघत राही, आणि कानात कुणीतरी सभ्यपणे विचारी, क्या होना, बाई?

रझाकारांच्या साली भागम्मा तापानं पडली. अखेरच्या दिवशी तिनं जावेचा हात धरला.

"मला तितंच बसवा. बोळकं मांडीवर द्या, म्हंजी मी पुरी जाईन. तू व्हतीस म्हणून, शांते."

सांगायची ही शेवटची वेळ होती. शांतम्माला ते कळत होतं. भागम्माच्या तोंडावर इतकं समाधान होतं की शांतम्माच्या तोंडून एवढंच निघालं, "व्हय, आक्का."

खड्डा खणताना बोळकं अख्खं निघालं. खण कुजून त्याच्या काठाचे चार धागे उरले होते. स्वामींनी आत बघितलं आणि मान हलवली.

"माती झाली," ते म्हणाले. "अंगाची मातीच व्हती."

माणसांनी हात जोडले. बसवलेल्या भागम्माच्या मांडीवर बोळकं ठेवून त्यांनी भस्म वाहिलं आणि खड्डा बुजवला. शांतम्मानंही मूठभर माती टाकली.

दोन महिन्यांत शांतम्मा वाकली. वय पस्तिशीचं, छाती पोरीसारखी, आणि डावा हात छातीखाली आडवा. वैद्याला काही सापडलं नाही. जावेचा घोर लागला, असं बायका म्हणत. उताणं निजलं की तिचा श्वास कोंडू लागला. एका सोमवारी ती लिंबाखाली बसकण मारून बसलेली शेजारच्या रानातल्या कडूबाईला दिसली. कडूबाईनं जवळ येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काय व्हायलंय, शांतम्मा? काय पायजे तुला?"

आता भाषा आपली होती आणि माणूसही ओळखीचं. काय मागायचं ते शांतम्माला दहा वर्षं पाठ होतं. तिनं तोंड उघडलं.

"पाणी," ती म्हणाली.