दही-साखर, उजव्या हातावर

निर्मलाकाकूंच्या घरातून हातावर दही-साखर घेतल्याशिवाय कोणाची सुटका नसे. मग तो परीक्षेला निघालेला असो, विमान पकडायला निघालेला असो, नाहीतर नुसता बॉयलर दुरुस्त करायला आलेला असो. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा असाच एक धिप्पाड डच माणूस हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्या दारात उभा होता. उजवा हात पुढे केलेला, आणि काकू चमच्याने त्याच्या तळव्यावर दही घालत होत्या. "जा आता. पुढच्या घरचं काम फत्ते होईल," असं त्याला चक्क मराठीत सांगत होत्या. त्याने तळवा चाटला, छान आहे असं काहीतरी पुटपुटला आणि गाडीत बसून गेला. मी तीन घरं सोडून नवीनच राहायला आले होते. काकूंनी मला रस्त्यावरच हाक मारली. "मंगळसूत्र दिसलं म्हणून विचारते, पुण्याच्या का?"

काका हेगला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. पंधरा वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि राहिले. मुलगा लायडनला नोकरीला लागला, तिथेच घर केलं. काकू घरी दही लावायच्या. इथल्या सुपरमार्केटमधलं दही त्यांना पसंत नव्हतं. "आंबट नाही, गोड नाही, नुसतं सभ्य आहे," म्हणायच्या.

त्यांचं दुसरं वेड उष्ट्याचं. भांड्याला तोंड लावून पाणी प्यायलेलं त्यांना खपत नसे. चाखायला घेतलेला चमचा परत पातेल्यात गेला तर पातेलं बाद. करोना आला, टीव्हीवर पंतप्रधान हात कसे धुवायचे ते सांगायला लागले, लोक चपला दाराबाहेर काढायला लागले, तेव्हा काकू खूश झाल्या होत्या असं म्हटलं तर वाईट दिसेल, पण झाल्या होत्या. "आमची आजी हेच सांगत होती तेव्हा तिला सोवळी म्हणून हसलात. आलं ना जग ताळ्यावर?"

त्याच वर्षी, पहिल्या टाळेबंदीनंतरच्या शरद ऋतूत, त्यांच्या घरी यानिस आला. आमच्या गावात बर्फाची एक रिंक आहे आणि तिथे आइस हॉकीचा एक व्यावसायिक संघ आहे. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर क्लब कोणता ते लगेच कळेल आणि मग मला नीट बोलता येणार नाही. व्यावसायिक म्हणायचं एवढंच, की परदेशातून आणलेल्या चार-पाच खेळाडूंना पगार होता. त्यांच्या राहण्याची सोय मात्र गावातली कुटुंबं करत. करोनामुळे घरात परका माणूस घ्यायला कोणी तयार होईना. काकू तयार झाल्या. "मुलाची खोली रिकामी आहे. त्यात व्हायरस राहण्यापेक्षा माणूस राहिलेला बरा."

यानिस लाटव्हियाचा. तेवीस वर्षांचा, दारातून वाकून यायचा, आणि संघाचा गोलकीपर. पहिल्या सामन्याला निघाला तेव्हा काकूंनी सवयीने त्याच्या हातावर दही-साखर घातली. हे काय म्हणून त्याने विचारलं. काकूंनी आपल्या इंग्रजीत सांगितलं, "गोइंग फॉर बिग वर्क, धिस मस्ट." त्या दिवशी संघाने एकही गोल खाल्ला नाही. आणि गोलकीपर लोकांइतकी अंधश्रद्ध जमात मी आमच्या आळीतही पाहिली नव्हती. हा डाव्या पायात आधी स्केट घालायचा, आणि सामन्याच्या दिवशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. आता त्यात दही-साखरेची भर पडली. तीही निघताना नको, बर्फावर उतरण्याच्या क्षणी हवी. म्हणून काकूंना रिंकवर नेणं आलं.

मग बाकीचे खेळाडूही मागायला लागले. रिंक तेव्हा ओसाड होती. प्रेक्षकांना बंदी, खुर्च्यांवर फुल्या मारलेल्या, गोल झाला तरी टाळी नाही. सामने कधी होत, कधी रद्द होत, शेवटी ते वर्ष अर्धवटच गुंडाळलं. पण जेवढे झाले त्या सगळ्यांना काकू हजर होत्या. क्लबने त्यांच्या गळ्यात कर्मचाऱ्यांचं कार्ड अडकवलं होतं. कपडे बदलायच्या खोलीपासून बर्फापर्यंत जो रबराचा रस्ता असतो, त्याच्या तोंडाशी त्या उभ्या राहत. साडी, वर काकांचा लांब कोट, तोंडावर मास्क, हातात स्टीलचा डबा. अंगावर सगळी चिलखतं चढवलेले ते राक्षस एकेक करून येत, उजव्या हातातला मोजा काढत, आणि पहिलीतल्या मुलांसारखा हात पुढे करत. चमचा वितभर वरून. कुणाच्या हाताला लागायचा नाही, तोंडाला तर नाहीच.

खेळाडू एकाच बाटलीतून पाणी पितात हे त्यांनी तिथेच पाहिलं. पुढच्या सामन्याला प्रत्येकाच्या नावाची वेगळी बाटली घेऊन गेल्या. "दुसऱ्याचं उष्टं पिऊन कोणी जिंकलंय का?" असं त्यांनी आपल्या इंग्रजीत प्रशिक्षकालाच विचारलं. यानिसने त्याला ते नीट समजावलं की नाही देव जाणे, पण बाटल्या राहिल्या.

दुसऱ्या वर्षी संघ सुसाट सुटला. आदल्या कित्येक वर्षांत जो संघ तळाशी पडून असायचा तो सामन्यामागून सामने जिंकायला लागला. मध्ये पुन्हा टाळेबंदी, पुन्हा रिकाम्या खुर्च्या, मग हिवाळा सरताना दारं उघडली आणि दोन वर्षं घरात कुजलेलं गाव रिंकवर लोटलं. मीही माझ्या मुलीला, रेवाला, घेऊन जायला लागले. गोल झाला की सगळा स्टँड "का-कू! का-कू!" असा ओरडायचा. चमच्याचं चित्र असलेले टी-शर्ट निघाले. क्लबचा व्यवस्थापक, योस, फोटो काढताना काकूंच्या खांद्यावर हात टाकायचा. "आमच्या संघाची आई," असं त्याने स्थानिक वर्तमानपत्राला सांगितलं. काकूंनी ते कात्रण फ्रिजवर लावलं. "इतकी वर्षं इथे राहतेय, शेजारी हात हलवतात, हवा-पाण्याचं बोलतात आणि दार लावतात," त्या मला म्हणाल्या. "आता दुकानातली मुलगीसुद्धा विचारते, काकू, शनिवारी जिंकणार ना? बरं वाटतं गं."

त्यांना किती बरं वाटत होतं ते मी पाहत होते, म्हणून पुढचं सांगताना अजूनही माझं डोकं तापतं.

बाद फेरीतली पहिली मालिका संघाने जिंकली. उपांत्य फेरीच्या आधी थोडे मोकळे दिवस होते आणि नेमका देशाच्या दक्षिणेकडे कार्निव्हल होता, सोंगं घेऊन रस्त्यावर नाचायचा सण. निर्बंध नुकतेच उठलेले. दोन वर्षांची तहानलेली माणसं रस्त्यांवर एकमेकांच्या गळ्यात पडून बिअर पीत होती. प्रशिक्षकाने सगळ्यांना बजावलं होतं, तिकडे फिरकायचं नाही, जो जाईल तो संघाबाहेर. संघातले नऊजण गेले. त्यांत यानिसही. सकाळी परत आला तो मधमाशीच्या वेशात, तोंडाला पिवळा रंग. काकूंनी तो वेश धुतला आणि मागच्या अंगणात वाळत घातला. काकांच्या शर्टांशेजारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माणसाएवढी मधमाशी लोंबकळताना मी स्वतः पाहिली.

"काकू, कोचला कळता कामा नये," यानिस म्हणाला होता. "करार जाईल माझा. प्लीज. प्रॉमिस?"

काकूंनी शब्द दिला.

दोन दिवसांनी घरच्या रिंकवर उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. रांग लागली, दही-साखर झाली, संघ जिंकला. तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते, म्हणजे अंतिम फेरी एका विजयावर आलेली. दुसऱ्या दिवशी यानिसला ताप. संध्याकाळपर्यंत निम्म्या संघाच्या घरच्या चाचणीवर दोन रेघा. सगळ्यांच्या नंतर, आणखी दोन दिवसांनी, काकूंच्या. उरलेले दोन सामने संघ कनिष्ठ मुलांना घेऊन खेळला आणि दोन्ही असे हरला की लोक मधल्या वेळेतच उठून घरी गेले.

आणि मग लोकांना चमचा आठवला. आधी समर्थकांच्या फेसबुक पानावर कोणीतरी लिहिलं, एकाच चमच्याने वीसजणांना भरवलं तर दुसरं काय होणार. त्याखाली हसणारे चेहरे. मग कोणीतरी भारतातल्या चितांचा आदल्या वर्षीचा फोटो टाकला. क्लबने दोन दिवसांनी निवेदन काढलं. त्यात काकूंचं नाव नव्हतं. यापुढे बाहेरून आणलेले खाद्यपदार्थ खेळाडूंना देता येणार नाहीत, एवढंच होतं. कार्निव्हलबद्दल एक अक्षर नव्हतं. नऊ खेळाडूंना दोष दिला असता तर पुढच्या वर्षी संघ कुठून आणायचा? बाईंना दिला तर एक दह्याचा डबा कमी होणार होता.

योस गळ्यातलं कार्ड परत न्यायला आला. काकू बऱ्या झाल्या होत्या, तरी तो फाटकाबाहेरच उभा राहिला. मी तिथेच होते. "हे व्यक्तिगत घेऊ नका," तो म्हणाला. "कोणी तुम्हाला दोष देत नाहीये. पण तुम्हीही समजून घ्या, लोकांना स्वच्छतेची काळजी वाटते."

"माझ्या चमच्याला कुणाचं तोंड लागलेलं नाही," काकू म्हणाल्या. मराठीतच. त्यांचं इंग्रजी त्या दिवशी पळालं होतं. मी भाषांतर केलं. योसने मान डोलावली, कार्ड खिशात घातलं आणि सायकलवर बसला.

मी घरात आल्या आल्या तोंड सोडलं. "काकू, ती मधमाशी मी पाहिली आहे. आत्ताच्या आत्ता त्या पानावर लिहिते."

"लिहायचं नाही. शब्द दिलाय मी."

"आणि तो? वर झोपलाय तो! त्याने बोलू नये?"

"बोलेल," काकू म्हणाल्या. "घरातला मुलगा आहे. आजारातून उठू दे. तो स्वतः सांगेल, तेव्हा त्याची किंमत राहील आणि माझीही."

काका खिडकीशी उभे होते. "नाही सांगणार," ते म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा करायला निघून गेले.

काकूंनी वाट पाहिली. यानिस बरा झाला, खाली येऊन जेवायला लागला, ताटात मान घालून. काकू त्याला गरम पोळी वाढायच्या आणि समोर बसून राहायच्या. त्याला जर्मनीतल्या एका मोठ्या क्लबने बोलावलं होतं. जायच्या दिवशी मी बॅगा उचलायला म्हणून गेले, खरं म्हणजे तो बोलतो का ते बघायला. दारात तो थबकला. "काकू, आय ॲम सॉरी," तो म्हणाला. "पण नवीन क्लबच्या कानावर गेलं तर... इट्स कॉम्प्लिकेटेड." मग त्या निर्लज्जाने, सवयीने असेल, उजवा हात पुढे केला.

मी काकूंच्या जागी असते तर दार लावलं असतं. काकू आत गेल्या, डबा आणला, आणि वितभर वरून त्याच्या तळव्यावर दही घातलं. साखर जरा जास्तच.

त्यानंतर त्या रिंकच्या बाजूला फिरकल्या नाहीत. सुपरमार्केटही बदललं, पलीकडच्या वस्तीतल्या दुकानात बसने जायला लागल्या. फ्रिजवरचं कात्रण एक दिवस दिसेनासं झालं. खरं काय ते गावाला कधीच कळलं नाही. संघातल्या त्या नऊजणांपैकी कोणी अजून तोंड उघडलेलं नाही.

वर्षभराने यानिसचा जर्मन संघ त्यांच्या लीगच्या अंतिम सामन्यात पोचला. त्याचा एक व्हिडिओ रेवाने शोधून काढला आणि काकूंना दाखवायला घेऊन गेली. तो कपडे बदलायच्या खोलीत दह्याची बरणी घेऊन उभा होता. स्वतः एक चमचा खाल्ला आणि तोच चमचा बुडवून शेजारच्याच्या तोंडात घातला, मग त्याच्या शेजारच्याच्या. सगळे हसत होते. ही कल्पना कुठून आली म्हणून कोणीतरी विचारलं, तर म्हणाला, माझी स्वतःची आहे. काकूंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत पाहिला.

"उष्टा चमचा," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात रेवाची पोहण्याची पहिली परीक्षा होती. इथे पोरांना कपडे घालून, बूट घालून पोहून दाखवावं लागतं, तेव्हा सर्टिफिकेट मिळतं. रेवा आदल्या रात्रीपासून घाबरली होती. सकाळी मला सायकल काढायला सांगून ती काकूंच्या स्वयंपाकघरात पळाली. मी मागून गेले तेव्हा ती हात पुढे करून उभी होती. काकूंनी फ्रिज उघडला, डबा काढला, चमचा घेतला. चमचा अर्ध्या वाटेत थांबला. मग त्यांनी डबा आणि चमचा टेबलावर ठेवले आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"तुझं तू घे हं, बाळा," म्हणाल्या. "हात धुऊन घे आधी."

"बट यू हॅव टू डू इट," रेवा म्हणाली. "एल्स इट डझंट वर्क."

"माझ्या हातचं नको गं," काकू म्हणाल्या आणि सिंककडे वळून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागल्या. रेवा माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात तसाच पुढे होता.