दोन्हीकडचा पाहुणा

भंडारा जिल्ह्यात ज्या घरी आमचे साडभाऊ जेवले नाहीत, त्या घरचा पोरगा अजून पोलिसांच्या हाती लागलेला नाही, असं खुशाल समजावं. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान सरकारी परिविक्षा अधिकारी. म्हणजे अल्पवयीन पोरगा गुन्ह्यात सापडला, की बाल न्याय मंडळ त्याला घरी सोडतं आणि साडभाऊंना त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगतं. साडभाऊ पोरावर लक्ष ठेवतच नाहीत! ते त्याच्या आत्यावर ठेवतात, मामावर ठेवतात, आणि चुलीवर काय शिजतंय यावर तर विशेष ठेवतात. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा अर्धा झाला, पण यांचा गोतावळा वाढतच गेला. "मी एकटा, पोरं ढीगभर," ते मला म्हणतात. "आत्या फुकटात पहारा देते, साडभाऊ! अन् तिले सुट्टी बी नसते."

गृहभेटीचा त्यांचा लाडका मुहूर्त मंडईचा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी, जावई, मामे, मावसे सगळे एका छपराखाली सापडतात. एकदा मला स्कूटरवर मागे बसवून ते मोहाडीजवळच्या एका गावी निघाले. तिथल्या पोरानं सोबत्यांच्या नादी लागून विहिरीवरची मोटर चोरली होती. पोरगा निरीक्षणगृहात, आणि बाप म्हणे, "त्यानं उंबरठ्यावर पाय ठेवला, तं मी घर सोडतो." आई विनवून थकली होती. बाप वळला नाही, तर पोराला घरच उरणार नव्हतं.

साडभाऊ गेले ते थेट पोराच्या घरच्या पंगतीत बसले. आईकडच्यांना वाटलं हे बापाकडचे, बापाकडच्यांना वाटलं आईकडचे; दोन्हीकडून आग्रह करकरून वाढलं गेलं. हात धुतल्यावर साडभाऊंनी ओळख सांगितली. आता जेवलेल्या पाहुण्याला हाकलणार कोण? बापानं फक्त भिंतीकडे तोंड फिरवलं.

साडभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "पोरगा कोणाच्या शिव्या ऐकून घेते?"

"माह्या!" आत्या गरजली. "माह्याकडे द्या जी, कान पिळूनच ठेवीन."

"आंबागडले मी नेतो," मामा म्हणाला. "धान कापाले माणूस पाहिजेच."

"वा!" साडभाऊंनी रंगमंचावर असल्यासारखे हात पसरले. "ठरलं. पोरगा मामाचा!"

भिंतीकडून आवाज आला, "मामाचा कायले? माहं घर पडलं का?"

"तुम्हीच तं घर सोडून राहिले होते, दादा."

"कोण सोडते? माहा पोरगा माह्याच घरी राहीन. कान बी मीच पिळीन!"

आईनं साडभाऊंच्या धुतलेल्या हातावर पुन्हा गरम वडे ठेवले, आणि त्यांनी तेही खाल्ले.

परतताना मी त्यांची तारीफ करत होतो. तलावाच्या पाळीवर त्यांनी स्कूटर थांबवली.

"इथला बाप बोलला," ते म्हणाले. "दिघोरीच्या पोराचा नाही बोलला. आत्या नाही, मामा नाही, कोणाचं नाव घेऊन त्याले चिडवू? मी निरीक्षणगृहात भेटाले गेलो का पोरगा माह्या मागं पाह्यते, आणखी कोणी आलं का म्हणून."

त्यांनी किक मारली, पण गाडी हलवली नाही.

"पुढच्या आठवड्यात दिघोरीची मंडई हाय. त्या बापाच्या घरी आणखी एकदा जेवून पाहू. येता का?"