वैद्य सरांचा न दिसणारा उजेड

प्रयोग फसला की किस्सा उरतो. त्या हिशेबाने गिरगावातल्या आमच्या कॉलेजची फिजिक्स लॅब भलतीच श्रीमंत! मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होतो. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता आणि आत आमचे वैद्य सर इलेक्ट्रॉनच्या मागे लागले होते.

*

सरांनी एका परदेशी मासिकात वाचलं होतं. चुंबकांची रांग लावायची, एकाचा उत्तर ध्रुव, पुढच्याचा दक्षिण, पुन्हा उत्तर. मधल्या काचेच्या नळीतून इलेक्ट्रॉनचा झोत वेगाने सोडायचा. तो नागमोडी पळतो आणि प्रत्येक वळणावर उजेड टाकतो! सर परवानगी मागायला प्रिन्सिपॉलांकडे गेले.

"यातून काय मिळणार?"

"प्रकाश!"

"तो खिडकीतून येतोय की, वैद्य!"

*

लॅबचा प्यून सावंत लालबागचा. त्याने ओळखीच्या स्पीकरवाल्याकडून फुटके भोंगे आणले, त्यांतून चुंबक काढले. तेव्हा सभा रोजच्या आणि सभा उधळणंही रोजचं, त्यामुळे विज्ञानाला मालाची टंचाई नव्हती!

चुंबक मी बसवले. सगळ्यांचं तोंड एकीकडेच! झोत वळला तो थेट नळीच्या भिंतीवर.

"अरे, एकाच बाजूला ओढलंस तर आपटणारच," सर म्हणाले. "आलटून पालटून ओढायचं असतं."

"आमची मॅनेजिंग कमिटी तेच करते," दारातून प्रिन्सिपॉल म्हणाले. "उजेड काही पडत नाही!"

*

एकदा मी विचारलं, "सर, एवढ्याशा इलेक्ट्रॉनचा उजेड तो किती असणार?"

सरांनी खिडकी उघडली. खालून मोर्चा चालला होता. जो तो आपापलं ओरडत होता, नुसता कलकलाट. मग पुढच्याने हात वर केला आणि हजार गळ्यांतून एकदम उठलं, "झालाच पाहिजे!" आमची तावदानं थरथरली.

"माणसं तीच, गळे तेच," सर म्हणाले. "इलेक्ट्रॉनही असे गटागटाने, एका तालात हलले की लाटेवर लाट बरोब्बर बसते. उजेड कैक पटींनी वाढतो!"

प्रिन्सिपॉलांनी येऊन खिडकी लावली. "वैद्य, फिजिक्स आतच ठेवा!"

*

शेवटी प्रिन्सिपॉलांनी ठरवलं, ही खोली टायपिंगच्या वर्गाला द्यायची. सरांना प्रयोग दाखवायला एक सकाळ मिळाली.

सरांनी बटण दाबलं. नळीच्या टोकाशी लावलेल्या मीटरचा काटा दोन रेघा सरकला!

"माझ्या चालण्याने हलला असेल," प्रिन्सिपॉल म्हणाले.

सर पुढे झाले. त्यांनी एक चुंबक काढला. काटा शून्यावर. परत बसवला. काटा दोनवर. असं तीनदा.

प्रिन्सिपॉलांनी चष्मा पुसून नळीला डोळा लावला. "उजेड कुठाय?"

"डोळ्यांना दिसणार नाही," सर म्हणाले. "आपल्या झोताचा वेग कमी पडतो, म्हणून या रेडिओसारख्या लहरी. पण जात तीच."

"म्हणजे इतके महिने खपून तुम्ही न दिसणारा उजेड केलात! दिसत नाही ते नाहीच. खोली टायपिंगला."

सर मान खाली घालून बटणाकडे वळले. तेवढ्यात सावंत पुढे आला. प्रिन्सिपॉलांसमोर त्याने आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"सायबानू, मुंबय तरी आपल्याक मिळालेली खंय दिसता? म्हणान ती पण टायपिंगाक देतलात काय?"

टायपिंगचा वर्ग जिन्याखाली भरला.