गुरुवारी वाकणारी रेघ

आमच्या भागात गुरुवार म्हणजेच रविवार. पिंपरीपासून चाकणपर्यंत बहुतेक कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी. माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला, त्यामुळे मुलीला सांभाळायला तो गुरुवारीच हाती लागायचा. म्हणून पीएचडीचे प्रयोग मी गुरुवारी करायचे. बाकीचे दिवस कॉलेजात शिकवण्यात जायचे. यात विज्ञान काडीचं नव्हतं, पिंपळे गुरवातल्या दोन खोल्यांची ती सोय होती.

प्रयोगशाळा कसली, कॉलेजमागची पत्र्याची शेड. भिंतीला भिंत लावून प्रेसचा कारखाना, तिथे दिवसभर पत्रा दाबला जायचा. शेडमध्ये माझ्या मार्गदर्शक सरांनी हाताने उभं केलेलं यंत्र होतं. अणूंवर इलेक्ट्रॉन आदळवून त्यांचे आयन करायचे आणि त्या आयनांचा झोत सोडायचा. त्यातले काही तापलेल्या डोक्यानेच बाहेर पडतात आणि लवकर शांत होत नाहीत, रुसून बसलेल्या जावयासारखे. असे किती, ते मोजणं हा माझा प्रबंध. झोत वायूच्या नळीतून न्यायचा, वायू वाढवत जायचा आणि पलीकडे किती पोचले ते पाहायचं. सगळे आयन एका जातीचे असतील तर आलेखावर सरळ रेघ येते, तापलेले मिसळलेले असतील तर रेघ वाकते.

माझी रेघ वाकत होती. सरांचं मात्र छापून आलेलं, जुनं म्हणणं होतं की आपल्या यंत्रात असले आयन वाटेतच शांत होतात, टोकाला एकही पोचत नाही. "मला समोर दाखवा, मग प्रबंधावर सही," ते म्हणाले. रास्तच होतं. सर गुरुवारी शेडकडे फिरकत नसत, म्हणून मी बुधवारी रजा टाकून त्यांना बोलावलं.

बुधवारी रेघ सरळ आली. फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ! मी वायू बदलला, नळी तपासली, व्होल्टेजचा डायल पुन्हा पुन्हा पाहिला. आकडा नेहमीचाच. शेजारची प्रेस धाडधाड चालली होती. "सर, यंत्रातच काहीतरी बिघाड आहे," मी म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायला नको," सर म्हणाले आणि अर्धा चहा ठेवून निघून गेले. मला असा राग आला की बस्स. यंत्र त्यांचंच होतं, त्यामुळे लागलंही जास्त.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रेघ वाकली.

"तुझे आयन गुरुवारचा उपास धरतात काय गं?" नवऱ्याने विचारलं. एरवी हसले असते, त्या दिवशी रडू फुटलं. स्वतःच्याच आकड्यांवरचा विश्वास उडणं काय असतं, ते ज्याचं त्याला कळतं.

पुढच्या गुरुवारी शेजारी घाईची ऑर्डर होती. सुट्टी रद्द, सगळे ओव्हरटाइमला. धाडधाड सुरू आणि माझी रेघ सरळ. मग त्यांची जेवणाची सुट्टी झाली, आवाज थांबला, आणि पुढचे बिंदू खाली वाकू लागले. मी मीटर घेऊन थेट यंत्राच्या वीजपुरवठ्याला लावला. प्रेस सुरू झाली की व्होल्टेज पडायचं. इलेक्ट्रॉनला धक्का देणारा आमचा पुरवठा जुना, घरगुती बनावटीचा. डायल फक्त आपण किती लावलं ते दाखवायचा, खरंच किती गेलं ते नाही. इलेक्ट्रॉनचा टोला कमी पडत होता. तापलेले आयन वाटेत शांत होत नव्हते, प्रेस चालू असताना ते जन्मालाच येत नव्हते. अंगण खरोखरच वाकडं होतं.

मी आनंदाने ओरडणार होते, तेवढ्यात थबकले. पूर्वी या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइटच नसायची, म्हणून सर त्या दिवशी शेडला कुलूप लावायचे. पुढे लाइट राहू लागली, मला त्यांनी वेगळी किल्लीही दिली, तरी त्यांची स्वतःची सवय सुटली नाही. म्हणजे त्यांचा प्रत्येक प्रयोग प्रेसच्या आवाजात झालेला. सरांची सही ज्यावर अडली होती, ते दाखवायचं म्हणजे त्यांचं छापलेलं सगळं खोडायचं.

तरी फोन केला. सर पुढच्या गुरुवारी दत्ताच्या देवळातून तसेच आले, कपाळाला गंध होतं. वायूची तोटी त्यांनी स्वतः फिरवली. रेघ वाकली. मीटरही त्यांनी स्वतः लावून पाहिला.

"मी गुरुवारी कधी आलोच नाही हो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, यंत्राकडे बघून.

त्यांनी प्रबंध मागून घेतला. सही केली, खाली तारीख घातली. पेन खिशाला लावता लावता थांबले, आणि तारखेपुढे वार लिहिला: गुरुवार.