नीलमची डावी पापणी

दिंडोलीच्या आमच्या सोसायटीत बातमी पसरली की नीलम सोनवणेला अर्धांगवायूचा झटका आला. पसरवली मीच, कबूल करते. डावी पापणी अर्धी खाली आलेली बघून दुसरं काय सुचणार? पण तोंड सरळ, दोन्ही हातांत पिशव्या आणि जिना चढता चढता माझ्याशी भांडण. झटका नव्हताच. मग काय होतं ते कळेपर्यंत मला जेवण जाईना.

शेजारच्या प्रमिलाबाईंनी तिला जिन्यातच गाठून डोळ्याचं विचारलं. "डोयाले काय व्हयनं व माय?"

"किडा चावला."

किडा म्हणे! कपाळ तर इस्त्री केल्यासारखं. शेहेचाळीसची बाई चिडून बोलते आणि एक आठी पडत नाही?

नीलम रिंगरोडच्या कापड मार्केटात साड्या दाखवते. आधी गादीवर बसलेल्या गिऱ्हाइकांना, हल्ली फोनच्या कॅमेऱ्यासमोर, लाइव्ह. शेठने दिवाळीनंतर बावीस वर्षांची एक मुलगी आणली आणि हिला गुजरातीत म्हणाला, "नीलमबेन, थाकेला देखाओ छो." दमलेल्या दिसता. कॅमेऱ्यासमोरची जागा जाणार, हे तिने ओळखलं आणि सुरकुत्यांसाठी कपाळात सुया टोचून घेतल्या.

हे मला कळलं ते डॉक्टरकडे जाताना. तिचा नवरा इच्छापोरच्या कारखान्यात पाळीवर, त्याला पत्ता लागू द्यायचा नव्हता, म्हणून नाइलाजाने सोबतीला मी.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध स्नायू ढिला करतं, म्हणून सुरकुती दिसत नाही. तीन-चार महिन्यांत उतरतं. पापणी त्याआधीच वर येईल. टोचलं कोणी?"

"पार्लरवाल्या बाईंनी."

"डॉक्टर नव्हते? बाटलीवरचं नाव, तारीख बघितली?"

मला तर त्या बाटलीत काय होतं याचाच संशय.

"त्या दिवशी कपाळ चोळलं होतं?"

नीलमने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

तो दिवस रविवारचा, संध्याकाळी प्रमिलाबाईंच्या मुलीची हळद होती. आमच्याकडे हळदीतून तोंड पिवळं झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही. नीलम मात्र मागे मागे सरकत होती, "वहिनी, कपाळाला नको, पायाला लावा." ही हळदीला का घाबरते? मला तेव्हाच शंका आली. म्हणून तिचं डोकं बगलेत धरून दोन्ही हातांनी कपाळावर चांगली रगडली. दुपारीच सुया घेतलेल्या, हे बोलायची तिला लाज.

"सुई चुकीच्या जागी गेली असेल, नाहीतर चोळल्याने औषध पसरलं असेल. नक्की सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी ताबडतोब सुईच्या बाजूने मत दिलं.

शेठ म्हणाला, डोळा सुधारेपर्यंत घरी आराम करा. घरी बसलेली बाई परत बोलावली जात नाही, हे ती वीस वर्षं बघत आलीय. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आधी जाऊन ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. "बहिणींनो, सुरकुत्यांसाठी सुई घेतली, पापणी पडली. समोर डॉक्टर असल्याशिवाय तुम्ही घेऊ नका. आता ही किनार बघा." बायकांनी आधी डोळ्याचं विचारलं, मग किनारीचं, आणि ऑर्डरी पडत गेल्या. शेठने आरामाचा विषय काढला नाही.

दीड महिन्याने पापणी वर आली. मी दारातच विचारलं, "काय गं, आता पुन्हा कधी टोचून घेणार?"

ती म्हणाली, "वहिनी, दीड महिना मी एका डोळ्याने साड्या विकल्या. तुम्ही दोन्ही डोळे लावून माझ्याकडे बघत बसलात, तुम्ही काय विकलंत?"