खारट हाय अजून

तांडेल कुठल्याही इंजिनावर बोट फिरवायचे आणि ते बोट सरळ जिभेला लावायचे. महाप्याच्या आमच्या कारखान्यात आलेला प्रत्येक नवा इंजिनिअर हे पाहून तोंड वेडंवाकडं करायचा. मीही केलं होतं. "खारट हाय अजून," असं ते म्हणाले की इंजिन पुन्हा गोड्या पाण्याने धुवायचं. खाडीतल्या होड्यांची इंजिनं आमच्याकडे दुरुस्तीला येत; खाऱ्या पाण्याचं मीठ आत राहिलं तर ती गंजून जाम होत, आणि मिठाच्या बाबतीत तांडेलांचा शब्द शेवटचा.

ते खाडीकाठच्या दिवाळे गावचे, हुद्द्याने फिटर. होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना ते नाव ठेवलं. पण आम्हा चौघा इंजिनिअरांच्या केबिनमध्ये ते कधी बसले नाहीत. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "कपडे तेलाचे हायेत, सायब." आम्हीही फार आग्रह करत नसू.

खाडीत पाण्यावरून उडणाऱ्या, रिमोटवर चालणाऱ्या छोट्या विमानांची शर्यत पहिल्यांदाच भरली, तेव्हा आम्हाला चेव आला. दोन्ही हात पसरावेत एवढ्या पंखांचं विमान केलं, खाली तरंगायला दोन लाकडी होडकी. हौसेने त्यांचे तळ इतके गुळगुळीत घासले की विमान पाण्याला चिकटूनच बसलं. तांडेलांनी न विचारता करवत घेतली आणि दोन्ही तळांना आडवी पायरी कापली. मी ओरडलोच.

"खालून वारा शिरला पायजे, मंग सोडतं पानी," ते म्हणाले. विमान उठलं. त्या दिवशी ते मला हळूच म्हणाले, "जिकलो तं मी बी येनार केबिनमदी. धुतलेला शर्ट घालून."

आम्ही जिंकलो. विमान कारखान्यात आणलं, केबिनमध्ये केक आला, चषकातून सरबत प्यायलो, नाचलोसुद्धा. मी खिडकीतून हाक मारली. तांडेल मागच्या नळाशी वाकले होते, खिळ्याला इस्त्रीच्या शर्टाची पिशवी. "तुमी कापा केक, मी आलोच," ते म्हणाले. हात धूत असतील असं मला वाटलं. तासाभराने आम्ही केबिनला कुलूप लावून हॉटेलात गेलो. ते राहून गेले हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे चार महिन्यांत छातीत कळ येऊन ते गेले. आम्ही हार पाठवला.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा जिंकलो. पुन्हा केक, पुन्हा नाच. दोन दिवसांनी पाहिलं तर विमानाचा पंखा जागचा हलेना. मी इंजिनावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. गेल्या वर्षी आम्ही केक खात होतो तेव्हा नळाशी काय चाललं होतं, ते मला तेव्हा कळलं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

चषक घेऊन मी दिवाळे गावात त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको अंगणात सुकट पसरत होती. पदराला हात पुसून तिने चषक मांडीवर घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "सगलं सांगितलंय त्यांनी मला. खुर्चीवर बसवलात, केकचा पयला तुकडा सायबांनी सोताच्या हातानं भरवला. लय खुशीत होते त्या दिवशी."

मी मान खाली घालून म्हणालो, "हो वहिनी. मीच भरवला."