साडूंच्या खिशातला बालाजी

हॉकीची काठी कधी हातात न धरता हॉकीवर एवढं बोललेला माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. कळंबच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. खेळाचे सर बदलून गेले तेव्हा हेडमास्तरांनी हॉकीचा संघ यांच्या माथी मारला. यांनी नियमांचं पुस्तक मागवलं, महिनाभर पाठ केलं आणि मगच पोरांना मैदानात उतरवलं. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे पानातली बुंदी मांडून शेजाऱ्याला पेनल्टी कॉर्नर समजावतात. वाढप्यानं त्यावर वरण ओतलं, तर पावसामुळे सामना थांबला असं जाहीर करतात आणि मग जेवायला लागतात.

त्या पोरांतलाच एक बालाजी, येरमाळ्याजवळच्या वस्तीवरचा. तो पुढे शहरातल्या अकादमीत गेला आणि ऐन विशीत देशातल्या मोठ्या लीगमध्ये खेळला. पहिल्याच हंगामात तीन गोल केले. त्या हंगामाचं त्याचा फोटो असलेलं रंगीत कार्ड निघालं. असली कार्डं जमवणारे लोक असतात म्हणे. बालाजीनं एक आठवणीनं आपल्या सरांना पाठवलं, आणि साडूंना वेड लागायचं बाकी होतं ते लागलं. बँकेत आधार मागितलं की खिशातून आधी बालाजी बाहेर येतो. एसटीत शेजारी कोण बसलंय हे न बघता ते कार्ड त्याच्या हातात देतात. एकदा आम्ही मयतीला गेलो होतो. तिथं तरी गप्प बसतील असं वाटलं होतं, पण रडून दमलेल्या एका म्हाताऱ्याला यांनी हळूच कार्ड दाखवलंच. खोटं कशाला सांगू, म्हातारा जरा सावरला.

आपल्याकडे मोलाच्या कागदाचं जे होतं तेच त्या कार्डाचंही झालं. साडूंनी ते येडेश्वरीच्या पायाशी ठेवलं, फोटोतल्या बालाजीच्या कपाळाला कुंकू लावलं, खिसा फाटू नये म्हणून कात्रीनं कोपरे गोल केले आणि झेरॉक्सच्या दुकानातून कुंकवासकट लॅमिनेशन करून आणलं. माझा पुण्याचा भाचा अशी कार्डं जमवतो. पहिल्या हंगामाचं कार्ड म्हणून तो मोठ्या हौसेनं बघायला आला आणि हातात घेताच मटकन खाली बसला. कोपरे शाबूत आणि कार्ड जसंच्या तसं असेल तरच त्याला मोल, हे त्यानं परोपरीनं समजावलं. साडूंनी त्याच्यापुढं चहा सरकवला.

“मोल इकणाऱ्याला, भाऊ. मला तर सांभाळायचं हाय.”

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर बालाजीचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, संघानं सोडलं, पोरगा वस्तीवर परतला आणि कुणाला भेटेना. इकडे साडूंना जेवण गोड लागेना. शेवटी मीच त्यांना गाडीवर बसवून घेऊन गेलो. बालाजी खाटेवर पाय पसरून बसला होता. साडूंनी कार्ड त्याच्या हातात दिलं. फोटोतल्या आपल्या कपाळावरचं कुंकू बघून तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला, असं त्याची आई म्हणाली. मग कार्ड परत देत तो म्हणाला, “सर, माझं संपलं आता.”

“खरीप बुडालं म्हणून रब्बी सोडतंय का कुणी?” साडू म्हणाले. “हा पहिला हंगाम हाय. दुसरा यायचाय.”

तो काही आला नाही. बालाजी आता आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका शाळेत खेळ शिकवतो. लग्न झालं, मुलगी झाली, त्याची तक्रार नाही. तक्रार असलीच तर आमच्या साडूंची आहे, आणि तीही ते बोलून दाखवत नाहीत. दरवर्षी लीगच्या संघांची यादी आली की ते माझ्याकडे येतात. मोबाईलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत, म्हणून मी वाचतो आणि ते डोळे मिटून ऐकतात. बालाजीचं नाव त्यात नसणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं, तरी मी एकही नाव गाळत नाही. यंदा वाचून झाल्यावर त्यांनी खिशातलं कार्ड काढून सदऱ्याला पुसलं. मला त्यांची फार माया आली.

“पाव्हणं,” त्यांनी विचारलं, “पुरवणी यादी निघती का वो कधी?”

“निघते की,” मी म्हणालो.